युजरडेटावरची टिक

अण्णा पंखा लावू द्यायचे नाहीत. सोलापूरचा मे महिना, नवी पेठेतलं तळघरातलं दुकान, खिडकी नावाला नाही, आणि भिंतीवरचा पंखा बंद. गिऱ्हाईक रुमालानं वारा घेत उभं राहायचं. कुणी बटणाकडे हात नेला की आतल्या टेबलावरून आवाज यायचा, "हात लावू नका हो त्याला. वायर हालतीया."

वायर म्हणजे फोन कंप्युटरला जोडायची. ती अण्णांची स्वतःची होती. रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलेली असायची आणि घरी जाताना त्यांच्याबरोबर घरी जायची. काम चालू असताना ती तसूभर सरकली तर फोन मधेच अर्धामुर्धा राहतो आणि मग उठत नाही, असं त्यांचं म्हणणं. पंख्याच्या वाऱ्यानं वायर हलते हे मला काही पटायचं नाही. पण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा घाम पुसणं सोपं होतं.

दुकान एकच गाळा. पुढच्या अर्ध्या भागात माझ्या भावाचा कव्हर आणि ग्लासचा काउंटर, त्यावर मी बसायचे. मागच्या भागात, प्लायवूडच्या आडोशाला, अण्णांचं टेबल. ते फोनचं 'सॉफ्टवेअर' करायचे. चालू होत नाही, कंपनीचं नाव दाखवतो आणि तिथंच अडकतो, अशा फोनला कंप्युटर जोडून आतली जुनी सिस्टिम काढायची आणि नवी भरायची. आमच्याकडे त्याला फ्लॅश मारणं म्हणतात. आमच्या गल्लीतली बाकीची पोरं चहा संपायच्या आत फ्लॅश मारून फोन हातात द्यायची. अण्णांना अर्धा दिवस लागायचा. त्यातला बराचसा वेळ विचारण्यात जायचा.

"यात काय हाय?"

"चालू होत नाही अण्णा."

"ते दिसलालंय की. आत काय हाय?"

"आत... फोटो आहेत."

"कुणाचे?"

"घरातले. लग्नाचे. तुम्हाला कशाला चौकशा?"

"मला न्हाय पायजेत. तुमाला पायजेत का, ते इचारतोय."

लोक वैतागायचे. काही जण फोन उचलून शेजारच्या दुकानात जायचे. अण्णा त्यांच्याकडे बघायचेही नाहीत. अंग काटकुळं, गळ्यात कारखान्यातून बाद झालेला एक टॉवेल, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि ते पट्टे दुपारपर्यंत घामानं भुवयांवर उतरलेले. प्रत्येक बाईला अक्का म्हणायचे. कॉलेजातली पोरगी असो, नाहीतर काठी टेकत आलेली म्हातारी. मीही अक्काच, त्यांच्याहून कितीतरी लहान असून. माझे रोजे असले की ते माझ्यासमोर चहा प्यायचे नाहीत. कप घेऊन जिन्यावर जाऊन बसायचे. मी म्हणायचे, "अण्णा, प्या की हितंच, मला काही होत नाही." ते म्हणायचे, "मला होतंय."

एका रिकाम्या दुपारी मी त्यांना विचारलं, तुम्ही त्या पडद्याकडे इतका वेळ काय बघता? त्यांनी लगेच स्टूल सरकवलं. कुणीतरी विचारावं याची वाट बघत असल्यासारखं.

"ही फाईल बघ अक्का. फोन आतनं म्हंजे एक लांब कापड हाय, चादरीचा तागा आसतोय तसं. कुटं किनार संपती, कुटं अंग सुरू होतंय, ते ह्यात लिवलंय." पडद्यावर नावांची उतरंड होती. प्रत्येक नावापुढे ते कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे याचे आकडे. "हे बूट. फोन झोपेतनं उठतोय तो हेच्यामुळं. ही रिकव्हरी, आजारी पडल्यावर कामाला येती. ही सिस्टिम, लई मोठी. अन् ही खालची, युजरडेटा. बाकी समदं कंपनीचं. येवढं एकच माणसाचं."

प्रत्येक नावाआधी एक चौकोन होता आणि प्रत्येक चौकोनात टिक. फाईल उघडली की कंप्युटर आपणहून सगळ्यांवर टिक करतो, हे मला तेव्हा कळलं. टिक असेल तो भाग पुसून नवा भरला जातो. अण्णा माऊस खाली नेऊन युजरडेटावरची टिक काढायचे. मग हात मांडीवर घेऊन बघत बसायचे. मग वरपासून पुन्हा बघत यायचे.

"त्याला काय कळतंय?" ते कंप्युटरकडे हनुवटी करून म्हणाले. "तो समदंच पुसाया निगतोय. आपुन सांगायचं, हे नगं, हे ठेव."

त्यांचे वडील माग चालवायचे आणि तरुणपणी तेही अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर उभे होते. चादरीची भाषा त्यांच्या तोंडात तिथूनच आलेली.

त्यांचा राग मी एकदाच पाहिला. एका रिक्षावाल्या चाचांचा फोन शेजारच्या दुकानात फ्लॅश मारल्यापासून मेला होता. अण्णांनी फोन जोडला, बराच वेळ आकडे ताडून पाहिले आणि त्यांचा चेहरा काळवंडला. फोनचं नाव तेच, पण बांधणी वेगळी. दुसऱ्याच फोनची फाईल याच्यात भरलेली. सिस्टिम जिथं सुरू व्हायची तिथं भलतंच काही येऊन बसलं होतं, आणि सिस्टिम पुढे सरकून थेट चाचांच्या फोटोंवर चढली होती. वर 'फॉरमॅट ऑल'ही मारलेलं, म्हणजे फोनचा स्वतःचा नंबर जिथं असतो तो भागही कोरा.

अण्णा तसेच उठले. टॉवेल गळ्यात, फोन हातात. शेजारच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्या गर्दीतून आत जाऊन त्यांनी काउंटरवर फोन ठेवला.

"हेचं नाव वाचलास, अन् आकडे कोन वाचणार बे?"

"अण्णा, गिऱ्हाईक आहेत, नंतर बोलू."

"त्येंच्या हजच्या फोटोवर कंपनीची घड्याळ-गाणी भरलास तू. कळतंय का? आईबरोबर गेलते ते. आई न्हाय आता."

त्या दुकानदारानं त्यांना बाहेर काढलं. धक्का दिला असं चाचा म्हणाले, मी पाहिलं नाही. त्यानंतर गल्लीतलं कुणी अण्णांकडे काम पाठवेना. 'डोकं फिरलेलं आहे' असं सरळ सांगायचे. चाचांचा फोन अण्णांनी चालू करून दिला, फोटो मात्र आले नाहीत. त्या दिवशी अण्णांचा डबा तसाच परत गेला. त्यांच्याही हातून कधी कधी फोन जायचे, आणि तेव्हाही तसंच व्हायचं.

मग फोनच बदलले. नवे फोन कुलूप लावूनच यायला लागले. कंपनीच्या परवानगीशिवाय बहुतेकांच्या आत जाता येईना. लोकही दुरुस्तीऐवजी नवा घ्यायला लागले. अण्णा सकाळी येऊन कंप्युटर चालू करायचे आणि जुन्या फाईली वाचत बसायचे. कामच नव्हतं.

त्यातच अण्णांच्या बायकोला, वहिनींना, पॅरालिसिस झाला.

वहिनी कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीच्या. शाळा कन्नडमधून झालेली, त्यामुळे फोनवर मराठी लिहायचं म्हटलं की त्या वैतागायच्या आणि बोलूनच पाठवायच्या. अण्णांच्या फोनवर दिवसभर त्यांचे आवाजी निरोप यायचे. आडोशामागून मला ते सगळे ऐकू यायचे. "री, येताना शेंगाचटणी आणा. संपली ओ." "री, लगू बर्री, आभाळ आलंय," म्हणजे लवकर या. आणि दुपारी, डबा द्यायला कुणी नसलं की, "री, ऊटक बर्री." म्हणजे, अहो, जेवायला या. अण्णा हसून म्हणायचे, "हिला वाटतंय मी आजूनबी मागावरच हाय. भोंगा झाला की पळत जेवाया यायचं."

हॉस्पिटलातून वहिनी आल्या तेव्हा उजवा हात लुळा होता आणि बोलणं गेलं होतं. सगळं नाही. एक शब्द राहिला होता, 'व्हय'. चहा हवा का, व्हय. नको का, व्हय. दुखतंय का, व्हय. घरात दुसरं कुणी नाही, मूलबाळ नाही, म्हणून अण्णा त्यांना रोज रिक्षानं दुकानात घेऊन यायला लागले. प्लायवूडच्या आत खुर्ची टाकली. आणि पहिल्याच दिवशी, मला काही न सांगता, त्यांनी पंखा लावला.

बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा दवाखान्यात तपासायच्या. त्यांनी अण्णांना सांगितलं होतं, शब्द आत आहेत, गेलेले नाहीत, बाहेर यायची वाट बंद झाली आहे. त्यांना त्यांचंच जुनं बोलणं ऐकवा. रोज ऐकवा. अण्णांनी ते मनावर घेतलं. दुपारी दुकानात कुणी नसलं की वहिनींसमोर स्टुलावर बसायचे आणि एकेक निरोप लावायचे. वहिनी स्वतःचा आवाज ऐकताना आधी रडायच्या. मग रडणं थांबलं. मग एके दिवशी अण्णांनी मला हाक मारली, "अक्का, ये, ये लवकर." मी आत गेले. त्यांनी पुन्हा लावलं, "री, ऊटक बर्री." वहिनींचे ओठ हलले. आवाज नाही, पण 'ब'ला मिटले आणि उघडले, अगदी वेळेवर. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा असा चेहरा मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

मी म्हटलं, "अण्णा, हे सगळं दुसरीकडे कुठं तरी काढून ठेवा."

"ठिवतो की. इंटरनेटवर न्हाय ठिवणार मात्र. घरातलं बोलणं दुसऱ्याच्या कंप्युटरवर कशाला? हितंच काढतो, आपल्या कंप्युटरवर."

ते राहून गेलं. वहिनींना आंघोळ घालायची, भरवायचं, दवाखाना, त्यात राहून गेलं. आणि मग फोननं एक अपडेट घेतलं आणि तो अडकला. कंपनीचं नाव यायचं, जायचं, यायचं, जायचं.

अण्णांनी बरेच दिवस त्याला हात लावला नाही. त्याच फोनची, त्याच बांधणीची फाईल मिळवली. ती वाचत बसले. मी विचारलं, येईल ना? "युजरडेटाला हातच लावणार न्हाय," ते म्हणाले. "बाकी समदं नवं घालतो. त्येचं त्येला कळणारबी न्हाय."

ज्या सकाळी केलं त्या सकाळी त्यांनी पंखा बंद केला. वहिनींना विचारलं, "जरा येळ गरम व्हईल. चालंल का?" वहिनी म्हणाल्या, "व्हय." मी माझ्या काउंटरवर बसून होते. माऊसचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग एक बटण. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "झालं," आणि पंखा पुन्हा लावला. सगळं नीट झालं होतं. पडद्यावर हिरवा गोल आला होता.

फोन चालू केला तर तो आत जाईना. एक काळा पडदा आला, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. डेटा वाचता येत नाही. खाली दोनच पर्याय. पुन्हा प्रयत्न करा, किंवा सगळं पुसा.

अण्णांनी पुन्हा प्रयत्न केला. तोच पडदा. पुन्हा केला. मग ते कंप्युटरकडे वळले, फाईल वरपासून खाली वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. मी आडोशाच्या कडेला उभी होते. ते त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले.

"काय झालं अण्णा?"

"मेटाडेटा," ते म्हणाले. "नव्या फोनात माणसाचं समदं कुलपात आसतंय. किल्ली हितं आसती, ह्या बारक्या भागात. कंपनीच्या फाईलीतली ही कोरी आसती. ती कोरी आत गेली अक्का. मी टिक काढलीच न्हाय. मला म्हाईत हाय हे. मला म्हाईत हाय. पण माजं समदं ध्यान युजरडेटावर हुतं."

"म्हणजे पुसलं गेलं?"

"न्हाय ना." ते माझ्याकडे वळले. "काय पुसलं न्हाय. समदं आत हाय. तिचा आवाज हाय आत, एक आक्षर हाललं न्हाय. फकस्त उघडणार न्हाय. कंदीच."

मी पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी तो वहिनींना पाजला, त्यांच्याच पदरानं हनुवटी पुसली आणि स्टूल ओढून समोर बसले. मी बाहेर जायला हवं होतं, पण तिथंच थांबले.

"ऐक," ते म्हणाले. "तुजं बोलणं घालवलं मी."

"व्हय," वहिनी म्हणाल्या.

"माजी चूक हाय."

"व्हय."

"आता ते येणार न्हाय परत."

"व्हय."

त्यांना दुसरा शब्द नव्हता, हे अण्णांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. चहालाही त्या अशाच म्हणायच्या, त्याच आवाजात. तरीही प्रत्येक 'व्हय'ला ते डोळे मिटत होते.

पुढे ते फोन घेऊन हैदराबादला जाऊन आले. तिथं कुणीतरी असलं काम करतो म्हणून ऐकलं होतं. तेवढा वेळ वहिनींजवळ मी बसले. परत आल्यावर खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. फोन चार्जिंगला लावून ठेवायचे आणि अधूनमधून, दुसरं काही करता करता, 'पुन्हा प्रयत्न करा' दाबायचे. काळा पडदा यायचा. पुन्हा कामाला लागायचे.

एकदा एक बाई आल्या. जुना फोन, अडकलेला. आपणहूनच म्हणाल्या, "दादा, ह्यात माझ्या मुलीचे लहानपणचे फोटो आहेत. ते तेवढे..."

अण्णांनी फोन घेतला, जोडला, फाईल उघडली. मी वाट बघत होते ते कधी विचारतात त्याची. कंप्युटरनं सगळ्यांवर टिक केली होती. अण्णांनी एकही काढली नाही. बटण दाबलं.

"अण्णा!" मी ओरडले.

बाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. पडद्यावर पट्टी पुढे सरकत होती.

"विचारलं नाही तुम्ही."

"इचारून काय हुतंय?" अण्णा म्हणाले. आवाज अगदी साधा, किती वाजले सांगावं तसा. "आज न्हाय तर उद्या जाणारच हाय ते. ह्येंनी ठिवलं तरी जाणार, मी ठिवलं तरी जाणार. उगं आशा कशाला लावायची माणसाला?"

त्या बाई तिथंच पायरीवर बसून रडल्या. अण्णांनी त्यांच्या हातात चालू झालेला फोन दिला. कोरा, झगमगीत. मी त्या बाईंना वरपर्यंत सोडायला गेले. खाली आले तेव्हा अण्णा वहिनींच्या पायात चपला घालत होते. त्या दिवसानंतर ते दुकानात आले नाहीत. कंप्युटर माझ्या भावानं विकला.

मागच्या हिवाळ्यात दुधनीला आमच्या नात्यात लग्न होतं. तिथं चौकशी केली तर घर लगेच सापडलं. वहिनींच्या भावाकडे दोघं राहत होती. भावाचं धान्याचं अडत दुकान आहे, अण्णा तिथं काट्यावर बसतात. अंगणात बाजेवर वहिनी होत्या, उन्हाला. अंगानं भरल्या होत्या. मला ओळखलं, डावा हात वर केला. बोलणं तेवढंच होतं, पुढे सरकलं नव्हतं. शिकवणाऱ्या बाई सोलापुरातच राहिल्या. आता इतक्या लांबून कोण नेणार?

अण्णा दुकानातून आले. विभूती नव्हती. धान्याचा भुसा भुवयांवर बसला होता. माझ्या घरच्यांची विचारपूस केली. माझ्या भावाचा काउंटर चालतो का विचारलं. फोनबद्दल एक अक्षर नाही. चहा आला. तो पिऊन झाल्यावर, मी उठायच्या बेतात असताना, ते एकदम म्हणाले,

"अक्का, तू रोज ऐकलीयास की हिला. आडोशाच्या पलीकडनं."

"हो."

"आवाज कसा हुता गं हिचा?"

मी बाजेकडे पाहिलं. वहिनी आमच्याकडेच बघत होत्या.

"मला शब्द समदे पाठ हायत," अण्णा म्हणाले. "कुटला निरोप कंदी आला, ते बी सांगतो. पण आवाज न्हाय येत. येतोय आसं वाटतंय अन् माजाच येतोय. तू म्हणून दाखव की एकदा. तुला आठवत आसंल."

मला आठवत होता. निदान मला तसं वाटत होतं. जरा नाकातला, शेवटाला वर चढणारा. मी घसा खाकरला. लाज वाटली, आणि तरी मी म्हटलं, जमेल तसं, त्यांच्यासारखं, "री, ऊटक बर्री."

अण्णांनी मान एका बाजूला कलती केली, कानाला काही लागतंय का बघावं तशी.

"न्हाय," ते म्हणाले. "आसा न्हवता."

"मग कसा होता अण्णा?"

"ते येत न्हाय ध्यानात. पण आसा न्हवता."